घाटावरचा भाव

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावकडच्या कणकुंबीला आलं की चहा घ्यायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. वळणांनी पोटात ढवळलेलं असतं, कानांत दडे बसलेले असतात, गोव्याचा घाम मानेवर अजून चिकट असतो, आणि वर येताच जो पहिला गार वारा लागतो त्याच्यासोबत आल्याचा चहा हवाच असतो. गेल्या श्रावणात डिचोलीला एका बारशाला जाऊन परतताना असेच थांबलो. पाऊस नुकता उघडला होता. टपरीच्या ताडपत्रीत साठलेलं पाणी तो पोरगा काठीनं ढोसून खाली पाडत होता, आणि रस्त्यापलीकडे गोवा पासिंगची एक जीप बॉनेट उघडून वाफ सोडत उभी होती. पैसे देताना मी पर्समधली दहा-दहाची नाणी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं हात पुढे केला, नाणी पाहिली आणि हात मागे घेतला.

"अक्का, हे नको हो. नोट द्या की."

"अरे, सरकारचंच आहे की."

"आहे की. पण इकडं कोण घेत नाहीत. गोव्यात चालतंय बघा. परत जाताना तिकडं खपवा."

मी निम्मं आयुष्य पतसंस्थेच्या काउंटरवर काढलं, त्यामुळे दहाच्या नाण्याचा घोळ मला नवा नाही. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं की या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना कायद्यानं किंमत आहे, कोणीही बिनदिक्कत घ्यावीत. आम्ही ते मराठीत आणि कन्नडात लिहून काचेला चिकटवलं होतं. लोक ते वाचायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे मॅडम, पण नोट असली तर बघा की." तेव्हा नाणं नाकारलं याचं मला काही वाटलं नाही. डोक्यात बसलं ते त्याचं "गोव्यात चालतंय". किती सहज म्हणाला! जसा काही घाटाच्या तोंडाशी अजून नाका आहे आणि खालचा पैसा वेगळा, वरचा वेगळा. पोरगा विशीचा असेल नसेल. त्याच्या बापालाही तो काळ आठवायचं कारण नाही.

मला तो ऐकून माहीत आहे, आमच्या सासूबाईंकडून.

सासूबाई माहेरच्या गोव्यातल्या साखळी गावच्या. गोवा मुक्त झाला तेव्हा लग्नाच्या वयाला आलेल्या आणि पुढे दोन-तीन वर्षांतच बेळगावला शहापुरात दिलेल्या. उभा जन्म इथं काढूनही त्यांच्या तोंडी बेळगाव हे "घाटार"च राहिलं. "तुमच्या घाटार मिरसांगो तीख आनी मनीस ताचे परस तीख," म्हणजे मिरच्या तिखट आणि माणसं त्याहून तिखट, असं त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या, आणि ते माझ्यासाठी आहे हे मला कळेल इतपत आवाजात म्हणायच्या. साखळीच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं लहानसं दुकान होतं. मुलगी हुशार म्हणून वडील तिला हिशोबाला बसवायचे. तिनं लहानपणी लिहिलेले हिशोब रुपये आणि तांग्यांतले होते. सोळा तांग्यांचा एक रुपया, आपल्या सोळा आण्यांसारखा. गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्या बरोबरीनं बांधला गेला तो १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं, आणि ते चांदीचे रुपये पाडले गेले तेही इंग्रजांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत. मुरगावहून कॅसलरॉकला येणारी रेल्वे त्याच करारातून निघाली. शिक्का पोर्तुगालच्या राजाचा, चांदीचा हिशोब कलकत्त्याचा, गाडी इंग्रजी भांडवलाची. गोव्यात नक्की राज्य कोणाचं होतं, हा प्रश्न पैशाच्या बाजूनं विचारला तर उत्तर जरा वेगळं येतं.

मग १९५९ मध्ये रुपया गेला आणि एस्कुदो हा पोर्तुगीज पैसा आला. एका रुपयाचे सहा एस्कुदो, एका एस्कुदोचे शंभर सेंताव. सासूबाईंच्या बटणांच्या डब्यात त्यातली काही नाणी होती. शर्टाच्या बटणांत, हुकांत, एका तुटक्या मंगळसूत्राच्या वाट्यांत मिसळलेली. माझी मुलं लहान असताना दुपारी तो डबा चटईवर उपडा करायची आणि "एस्तादु द इंडिया" असं बोट ठेवून वाचायची. मला त्या नाण्यांवरचे आकडे बघून गंमत वाटायची. पाच, पंचवीस, पन्नास असे ओळखीचे आकडे सोडून हे ३० सेंताव, ६० सेंताव, ३ एस्कुदो, ६ एस्कुदो. नोटाही तशाच, ३०, ६०, ३००, ६०० च्या. एकदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, पतसंस्थेत काम करूनही हिला एवढं कळू नये, अशा नजरेनं पाहिलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. तीस सेंताव म्हणजे पाच नवे पैसे. साठ म्हणजे दहा. तीन एस्कुदो म्हणजे आठ आणे. तीसची नोट म्हणजे आपली पाचाची, साठची म्हणजे दहाची, सहाशेची म्हणजे शंभराची. लिस्बनच्या बँकेनं नव्या पैशाला नाव आपलं दिलं, पण त्याची मापं रुपयाच्या अंगावर बेतूनच शिवली. लोक रुपयातच विचार करतात आणि करत राहणार, हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला बाजार कळत होता.

अडचण एकट्या एस्कुदोची होती. एक एस्कुदो म्हणजे सोळा पैसे आणि वर दोन तृतीयांश. तेवढ्या तुकड्याचं नाणं इकडेही नव्हतं आणि तिकडेही नव्हतं. त्यांचे वडील घाटावरून आलेल्या गिऱ्हाइकाचा एस्कुदो घेताना सोळा पैसे धरायचे आणि देताना सतरा. "चवथीक परकर-पोलको त्यातल्यानच जातालो," म्हणजे गणपतीचं परकर-पोलकं त्यातूनच व्हायचं, असं सासूबाई अगदी निर्विकारपणे सांगायच्या. सरकारी दर सहाचा होता आणि तो कधी हलला नाही. दुकानातला दर त्या एका पैशात राहायचा.

हा सहा आला कुठून, हे पुढे मला माझं मीच कागदावर मांडून पाहावं लागलं. तेव्हाचा रुपया पौंडाला बांधलेला होता, एका पौंडाचे तेरा रुपये पाच आणे चार पै. पोर्तुगालचा एस्कुदो १९४९ पासून डॉलरला पावणेएकोणतीस होता आणि पौंड २.८० डॉलरचा, म्हणजे एका पौंडाचे साधारण ऐंशी एस्कुदो. ऐंशीला सव्वातेरा-साडेतेराच्या मधल्या त्या आकड्यानं भागलं की बरोबर सहा येतात. साखळीच्या बाजारात खोबरेल विकत घेणारी बाई आणि घाटावरचा मिरचीवाला यांच्यातला भाव असा लंडनहून आलेला. दिल्लीनं आणि लिस्बननं एकमेकांचं तोंड पाहणं सोडलेलं, वकिलाती बंद, तरी पौंडाच्या ताजव्यात दोघं शेजारी शेजारी बसलेले.

आणि पौंडाचा तो तेरा रुपयांचा दर तरी कुठे सरळपणे आला होता! १९२६ च्या हिल्टन यंग कमिशननं, म्हणजे इंग्रज सरकारनं चलनासाठी नेमलेल्या समितीनं, रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स असावी असं सुचवलं आणि १९२७ मध्ये तो कायदा झाला. मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकूरदास कमिशनवर होते. त्यांनी वेगळं मत नोंदवलं, दर जुनाच, एक शिलिंग चार पेन्स ठेवा म्हणाले. दोन पेन्सांसाठी एवढा वाद कशाला, असं वाटतं. पण हिशोब करून बघा. बारा पेन्सांचा शिलिंग, दोनशे चाळीस पेन्सांचा पौंड. रुपया सोळा पेन्सांचा असेल तर इंग्लंडला विकलेल्या एका पौंडाच्या कापसाचे पंधरा रुपये हातात येतात. अठरा पेन्सांचा झाला की तोच कापूस, तोच पौंड, आणि हातात तेरा रुपये पाच आणे. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातल्या माणसानं शिलिंग कधी डोळ्यांनी पाहिलं नसेल, पण वखारीत भाव ऐकून घरी जाताना त्याच्या कनवटीचा जवळजवळ पावणेदोन रुपयांचा खड्डा तिथून आला होता. हा दर पुढे जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. इंग्रज गेले, दर राहिला.

आता आमच्या माहेरची बाजू. माझ्या आजोबांचं, आण्णांचं, खानापूरला दुकान होतं. किराणा, भुसार आणि हंगामात बटाटा. खानापूर-बेळगावचा बटाटा, भाजी, दूध, मटण खाली गोव्यात जातं हे आजही कोणाला सांगायला नको. पहाटे तीनला चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या रस्त्यावर उभं राहिलं की टेंपोंची रांग दिसते. आण्णांच्या वेळी हा माल लोंढ्याहून रेल्वेनं उतरायचा. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारत सरकारनं सरहद्द बंद केली. गाडी कॅसलरॉकलाच थांबली. आण्णा सांगायचे, त्या वर्षी बटाट्याची पोती वखारीत मोडांनी वर उचलली गेली, वास गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. आणि सासूबाई सांगायच्या, त्या वर्षी त्यांच्याकडे हॉलंडचे बटाटे आले. मोठे, गुळगुळीत, माती नसलेले, शिजवले की पिठूळ. चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं, दारू पोर्तुगालची. आपल्या नाकेबंदीनं गोवा उपाशी मरेल असा इकडचा होरा होता, आणि तिकडे खनिजाची जहाजं जपान-जर्मनीला जात होती आणि येताना परकी चलन घेऊन येत होती. सासूबाईंच्या लग्नानंतर कित्येक वर्षांनी, आमच्या साखरपुड्याच्या जेवणावळीत, आण्णा आणि सासूबाई शेजारी शेजारी बसले होते. बटाट्याची भाजी वाढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हॉलंडच्या बटाट्याक ही चव नासली," म्हणजे नव्हती. आण्णांनी पानावर आणखी भाजी मागून घेतली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची सडलेली पोती कोणीतरी भरून दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सरहद्द बंद झाली म्हणजे सगळंच बंद झालं असं नव्हे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून म्हादईच्या खोऱ्यातल्या वाटा वर येतात. त्या जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला पायाखालच्या. त्या वाटांनी घड्याळं आली, फाउंटन पेनं आली, नायलॉन आलं, आणि मुख्य म्हणजे सोनं आलं. हे तस्करीचं काम म्हणून आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर काळा चष्मा घातलेला कोणी येतो. आण्णा सांगायचे ते वेगळं होतं. पावसात भिजलेली, कांबळं पांघरलेली माणसं, पोटाला बांधलेली कापडी पट्टी, तिच्यात शिवलेली दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं, आणि दुकानाच्या मागच्या दाराशी मागितलेली भाकरी-चटणी. सोनं कोणाचं, कुठे जायचं, त्यांना ठाऊक नसायचं. मजुरी मिळायची. पकडलं तर मार आणि तुरुंग त्यांनाच.

या सगळ्यात सोनंच का, याचं उत्तरही दराच्याच पोटात आहे. त्या काळी जगात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर असा ठरलेला, आणि डॉलर सरकारी दरानं ४ रुपये ७६ पैशांचा. गणित केलं की तोळ्याला साडेबासष्ट रुपये होतात. रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत हाच भाव होता. पण मुंबईच्या झवेरी बाजारात सोनं तोळ्याला सव्वाशेच्या आसपास, कारण बाहेरून आणायला बंदी आणि मुलीचं लग्न तर थांबत नाही. गोव्यात सोनं उतरवायला अशी आडकाठी नव्हती. साडेबासष्ट रुपये म्हणजे ३७५ एस्कुदो. तेवढ्या एस्कुदोंचं सोनं खाली घ्यायचं, घाट चढवायचा आणि वर सव्वाशे रुपये मोजून घ्यायचे.

रुपयाला सहा नव्हे, तीन.

बँकेच्या फळ्यावर सहा लिहिलेलं असताना रात्रीच्या वाटेवर रुपया तीन एस्कुदोंचा होता. त्याच हिशोबानं डॉलर पावणेपाचाचा नव्हताच, साडेनऊचा होता. सरकारनं रुपयाची जी किंमत धरून ठेवली होती ती खरी नाही, हे अर्थखात्याच्या आधी कांबळंवाल्याला कळलेलं होतं. त्याला ते अशा शब्दांत सांगता आलं नसतं, पण पट्टीच्या वजनात कळलेलं होतं. मधला जो फरक, त्यात ज्यांनी माड्या बांधल्या त्यांची नावं गावोगाव माहीत असतात. ती मी इथे लिहिणार नाही, आणि ज्यांनी ओझं वाहिलं त्यांची नावं आण्णांनाही आठवायची नाहीत.

या विषयावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आण्णांनी सत्याग्रहींच्या तुकड्यांना शिधा दिला होता, गोव्यातून निसटून आलेल्यांना रात्री-अपरात्री ओसरी दिली होती. बेळगाव तेव्हा गोव्याच्या लढ्याचं माजघरच होतं, आणि गोवा नॅशनल काँग्रेसची स्थापनाही १९४६ मध्ये आमच्याच लोंढ्यात झालेली. त्याच आण्णांच्या मनगटावर जन्मभर जे स्विस घड्याळ होतं ते घाटाखालून आलेलं. कोणत्या वाटेनं, हे विचारायचं नाही अशी घरात ताकीद होती. मी कॉलेजात असताना, तेव्हा डोक्यात जरा वारं होतं, त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "गोवा आपला म्हणून तर लढलो. आपल्याच मुलखातून आणलेल्या वस्तूवर कसली आलीय जकात?" पुढे बोलायला मला काही सुचलं नाही. आजही त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावच्या रस्त्यांवरून लष्कराच्या गाड्या गेल्या, १८ तारखेला बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, आणि १९ ला सगळं संपलं. एस्कुदो गेला तो सहालाच गेला. त्याच जुन्या हिशोबानं रुपये मिळाले. सासूबाईंच्या वडिलांचं रोख रकमेत काही गेलं नाही. गेलं ते वेगळंच. तिकडच्या नोटा काढणारी बँक म्हणजे बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु. तिच्याकडे गोव्यातल्या बायकांचे दागिने गहाण होते आणि ते डिसेंबरच्या आधीच लिस्बनला रवाना झाले होते. कर्ज घेतलं ते रुपयांत, एस्कुदोंत. ते फेडायची तयारी असली तरी पाटल्या समुद्रापलीकडे. ते दागिने परत यायला १९९१ साल उजाडलं. सासूबाईंच्या घरचं त्यात काही नव्हतं, पण त्यांच्या एका मावशीच्या पाटल्या होत्या, आणि त्या मावशीला जाऊन तोवर कैक वर्षं झाली होती. गंमत अशी, की त्याच १९९१ च्या जुलैत आपल्या सरकारनं परकी चलनासाठी ४७ टन सोनं इंग्लंडला गहाण पाठवलं. एका वर्षात गोव्याच्या बायकांचं सुटून आलं आणि देशाचं गहाण गेलं. तेव्हा मी पतसंस्थेत नवीन होते, सोनेतारणाच्या टेबलावर. समोरची बाई गंठण सोडवायला आलेली आणि रेडिओवर ही बातमी. ती म्हणाली, "म्हणजे सरकारवर पण आमच्यासारखीच पाळी येते की!" आणि पावती नीट घडी घालून पोलक्यात ठेवली.

एस्कुदोसारखीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कळली तेव्हा मला जरा धक्काच बसला. आपला रुपया एके काळी कुवेत, बहरीन, कतार, दुबईत बाजारातला पैसा होता. भारतीय रुपया घेऊन गलबतं तिकडे जायची, रुपयाचं सोनं घेऊन परत यायची, आणि तिकडे साठलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडे येऊन पौंड मागायचे. म्हणजे आपल्या तिजोरीतले पौंड देऊन आपणच चोरीचं सोनं विकत घेत होतो. ते थांबवायला १९५९ मध्ये, ज्या वर्षी खाली एस्कुदो आला त्याच वर्षी, रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळे रुपये काढले. रंग वेगळा, क्रमांकाआधी झेड अक्षर, आणि भारतात चालत नाही. दर एकास एक. मग १९६१ मध्ये कुवेतनं आपला दिनार काढला, तेरा रुपये तेहतीस पैशांना एक. चार वर्षांनी बहरीननं काढला, दहा रुपयांना एक. आणि ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एका रात्रीत साडेसातला गेला, तेव्हा राहिलेल्यांनीही रुपयाला रामराम केला. साहजिकच आहे. रात्री उशाशी ठेवलेला पैसा सकाळी एक तृतीयांशाहून जास्त आटलेला असेल, तर कोण ठेवेल? एके काळी आपला रुपया जिथे दुकानात चालायचा तिथे आज आपली मुलं त्यांच्या पैशात पगार घ्यायला जातात.

माझा भाचा दुबईत आहे. म्हणजे आमच्या भावाचा धाकटा. दिरहॅम डॉलरला खिळा ठोकून बसवल्यासारखा आहे, ३.६७ च्या आसपास, हलत नाही. हलतो तो रुपया. त्यामुळे रुपया खाली गेला की भाच्याचा फोन येतो आणि आवाजात उत्साह असतो. "आत्या, पाठवू की अजून थांबू?" मी पतसंस्थेतून निवृत्त झाले म्हणून त्याला वाटतं मला हे कळतं. मोबाईलवर त्यानं दराचं ॲप ठेवलंय, पैशा-पैशाचा आलेख बघत असतो. त्याच्या पैशानं इकडे वहिनी घरावर मजला चढवताहेत, आणि म्हणून आमच्या गल्लीत रुपया पडला की आनंद होतो असं एक घर आहे. त्याला लागून असलेल्या घरात मास्तर राहतात. त्यांची मुलगी जर्मनीला शिकते आणि तिच्या खात्यात दर वर्षी अमुक इतके युरो दाखवावे लागतात. रुपया पडला की मास्तरांचं रक्तदाब मोजायचं यंत्र बाहेर निघतं. रुपयाची बाजू घ्यायची तर कोणाची घ्यायची? मला शाळेत शिकवलं होतं की देशाचं चलन भक्कम म्हणजे देश भक्कम. ठाकूरदासांच्या कापूसवाल्यांना हे पटलं नसतं, आणि आमच्या वहिनींनाही पटत नाही.

आता घाटावर जकात नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नाके उठले. पण पेट्रोल आणि दारू त्यातून बाहेर राहिली, म्हणून तेवढ्यापुरता जुना धंदा अजून चालू आहे. कोगनोळीकडे जाताना हायवेच्या पंपांवर कर्नाटकातलं पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा किती स्वस्त, याच्या पाट्या कोल्हापूरच्या गाड्यांसाठी लावलेल्या असतात. आणि गोव्याहून येताना डिकीत दोन बाटल्या जास्त असल्या तर माणूस अबकारीच्या चौकीपाशी आपोआप सावकाश बोलायला लागतो. रुपया एकच, भाव तीन. खानापूरच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला सगळे पाठ आहेत. कुठे टाकी भरायची, कुठे रिकामी न्यायची, कुठे टायर घ्यायचे. चंदगडचा माल घेऊन तो महाराष्ट्रातून निघतो, कर्नाटकातून जातो आणि गोव्यात उतरतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असता तर हा गडी कांबळं पांघरून सत्तरीच्या वाटेनं चढला असता, यात मला शंका नाही.

परवा संध्याकाळी गल्लीच्या कट्ट्यावर वहिनी, मास्तर आणि मी बसलो होतो. पाऊस थांबलेला, कुंद्याच्या भट्टीचा गोड धूर येत होता, वरच्या मजल्याच्या सळया नुसत्याच आभाळाकडे बघत उभ्या. मास्तर त्यांच्याकडे मान वर करून म्हणाले, "काय वहिनी, स्लॅब कधी टाकायलाय?"

"तुमची फी महागली की."

मास्तर मोठ्यांदा हसले, आणि मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी आजचा भाव पाहिला.